वळणावरचा न्याय

गिरणीवाल्याचा गोळा डुबुक करून बुडाला आणि धक्क्यावरच्या गर्दीने एकदम सुस्कारा टाकला. बायांनी हात जोडले. मागे टाचा उंचावून उभे असलेले पुढच्यांना विचारत होते, गेला का, गेला का. आणि पुढचे, जणू गोळा आपणच गिळल्याच्या थाटात, सांगत होते, गेला, नदीने पोटात घेतला. गिरणीवाल्याचे डोळे भरून आले. हा माणूस पिठात भेसळ करतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण खुद्द नदीनेच दाखला दिल्यावर कोण काय बोलणार?

धक्का होता नदीच्या वळणाच्या तोंडाशी. तिथून पुढे नदी मोठा वळसा घेई. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, धक्क्याच्याच काठावर, रंगाऱ्यांची वस्ती होती. कापड रंगवायच्या शेडा, दोऱ्यांवर वाळणारी थानं, आणि त्यांच्या खाली दर पुरात ढासळणारी दरड. समोर, वळणाच्या आतल्या अंगाला, वाळूची पांढरी पुळण. इकडची दरड जितकी मागे हटे तितकी तिकडची पुळण पुढे सरके, आणि त्या पुळणीवर पुळणबाबाचा आश्रम होता. एका खोपटापासून सुरुवात झालेली. आता सभामंडप, भोजनगृह, भक्तांच्या गाड्या लावायला ऐसपैस जागा. नदी मला जमीन देते, असं बाबा सांगे. कुणी खोटं म्हणायची सोय नव्हती, कारण जमीन डोळ्यांना दिसत होती.

बाबा नावेतून येऊन धक्क्यावर खुर्ची टाकून बसला होता. मागे चेला, चेल्याच्या हातात झाकलेली टोपली, टोपलीत मोसंब्याएवढे, राख फासलेले, सगळे एकसारखे दिसणारे गोळे. त्यांना हात लावायचा नाही. अपवित्र हात लागला की गोळा मरतो म्हणे. चेला लांब दांड्याच्या पळीने गोळा उचली, ज्याची परीक्षा त्याचं नाव पुकारी आणि पळी पाण्यावर उलटी करी.

"नदी आंधळी नाही, बाळांनो," बाबा सांगत होता. "पुण्यवानाला ती पोटात घेते आणि माझ्या काठाला आणून सोडते. पाप्याला ती शिवत नाही. त्याला वरच्या वर धरते आणि त्याच्याच दारात नेऊन टाकते."

गर्दीत उभ्या असलेल्या मास्तरणीने दात आवळले. ही मास्तरीण याच वस्तीतली, रंगारी आप्पांची लेक, शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवणारी. आदल्या दिवशी तिच्या वहिनीचा फोन आला होता. वहिनी फार बोलली नव्हती. ताई, उद्या माझ्या नावाचा गोळा सोडणार आहेत, एवढंच म्हणाली होती. मास्तरीण पहिल्या गाडीने निघून आली ती थेट दादासमोर उभी राहिली, आणि स्वतःच्या बायकोची परीक्षा चारचौघांत मांडायला तुला लाज कशी वाटत नाही असं विचारलं. दादा म्हणाला होता, मनात काही नसेल तर भ्यायचं काय कारण. पापभीरू माणसं किती निर्दय होऊ शकतात हे तिला तेव्हा कळलं.

चेल्याने वहिनीचं नाव पुकारलं. पळी उलटी झाली. गोळा पडला, एकदा आत गेला आणि टुणकन वर आला.

राखेचा तो ठिपका पाण्यावर डुलत डुलत निघाला, धारेला लागला, वळणावर बाहेरच्या अंगाला ओढला गेला आणि जाऊन टेकला कुठे, तर बरोबर आप्पांच्या शेडेखालच्या दरडीला. म्हातारी माणसंसुद्धा ते बघायला काठाकाठाने धावत गेली. आईने, म्हणजे वहिनीच्या सासूने, तोंडावर पदर घेतला.

बाबाने डोळे मिटले. फार दुःख झाल्यासारखा चेहरा केला. मग निकाल दिला. ही पांढऱ्या पायाची. ही या घरात आली त्या वर्षीच शेडेचा पहिला कोपरा गेला, आणि ही राहिली तर वस्ती जाईल. उद्या सूर्य डोक्यावर यायच्या आत हिने हा काठ सोडावा. लेकरू घराण्याचं आहे, ते इथेच राहील.

"कबूल?" चेल्याने विचारलं.

"हो," दादा म्हणाला. सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाला.

वहिनीने कडेवरच्या छकुलीला घट्ट धरलं. चार वर्षांची पोर, तिला काय कळणार. ती पाण्यातल्या गोळ्याकडे बोट दाखवून टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर मास्तरणीचा तोल गेला. तिने आईला विचारलं, आजोबांची भट्टी कुठे होती? मास्तरीणच म्हणाली, आज जिथे नावा लागतात तिथे होती, आणि ती नदीत गेली तेव्हा वहिनी जन्मलीसुद्धा नव्हती. आई म्हणाली, तेव्हा दुसऱ्या कुणाचं पाप असेल. आता या उत्तरावर काय बोलायचं? दरड जाईल तशी घरात एकेक बाई शोधायची, आणि दरड संपेपर्यंत बायका पुरवायच्या, हाच का हिशोब? तिने तसं विचारलंही. आई रडायला लागली. आई दुष्ट नव्हती. मागच्या पुरात शेडेची अर्धी जमीन तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात बसली होती, मोठी तांब्याची टाकी त्या जमिनीसोबत गेली होती, आणि तेव्हापासून बाई रात्री धड झोपली नव्हती. घाबरलेल्या माणसाला कारण हवं असतं. बाबाने ते आयतं हातात दिलं होतं, आणि तेही परक्या घरून आलेल्या मुलीच्या रूपात, म्हणजे आपल्या पोटचं कुणी जायला नको.

पाटबंधारे खात्याचा साहेब येऊन गेला होता, हेही तिला आईकडूनच कळलं. दरडीला दगडी पिचिंग करू, म्हणजे उतारावर दगड नीट रचून बसवू, वस्ती वाचेल, असं तो सांगत होता. बाबाने सांगितलं, नदीच्या अंगात दगड रुतवणं म्हणजे आईच्या अंगाला जखम करणं. वस्तीने साहेबाला हात हलवत परत पाठवलं.

"म्हणजे उपाय दारात आला होता," मास्तरीण म्हणाली, "आणि तुम्ही त्याला हाकलून घरच्या सुनेला हाकलायला निघालात."

वहिनी आतल्या खोलीत पिशवी भरत होती. छकुलीचे कपडे ती पिशवीत घालायची आणि परत काढून ठेवायची. मास्तरीण दारातून ते बघून मागे फिरली आणि शेडेत गेली, कारण आणखी क्षणभर तिथे थांबली असती तर तिने दादाला काहीतरी फेकून मारलं असतं.

शेडेत आप्पा टाकी निवळवत होते. घरात आग लागली तरी हा माणूस हातातलं काम अर्धं टाकायचा नाही. रंगाच्या गोल टाकीत तळाशी गाळ साचतो. तो काढायची रंगाऱ्यांची जुनी रीत म्हणजे लांब दांड्याने पाणी गरगर फिरवायचं, दांडा बाहेर काढायचा आणि पाणी आपोआप मंदावू द्यायचं. सगळा गाळ तळाच्या मधोमध ढिगासारखा गोळा होतो. मग डावाने अलगद उचलायचा. मास्तरणीने लहानपणापासून हे शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि पाहून पाहून बघायचीच राहून गेली होती.

"आप्पा, गाळ मधेच का येतो?"

"येतो," आप्पा म्हणाले. "मधेच येतो. कडेला कशाला जाईल?"

"कडेलाच जायला पाहिजे. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते. मग हा आत का येतो?"

आप्पांनी डाव हातात धरून विचार केला. पन्नास वर्षं रंगकाम केलेल्या माणसाला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. अख्ख्या वस्तीचीच ही गत. रोज हाताखाली फिरणाऱ्या पाण्याचं वागणं पाठ, आणि तेच पाणी शेडेबाहेर वळण घेऊन वाहताना दिसलं की ती नदीची मर्जी.

मास्तरीण टाकीच्या काठावर वाकून बघत राहिली. फिरणारं पाणी, तळाचा गाळ, मधला ढीग. मग तिने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, आप्पा, नदीचं वळण म्हणजे अर्धी टाकीच की हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का कालच्यापेक्षाही भरला होता. बाईला घालवायचं म्हटल्यावर गर्दीला आमंत्रण लागत नाही. बाबा खुर्चीवर, चेला टोपलीसकट मागे, कारण निकालानंतर आणखी चार भक्तांचे गोळे सोडायचे होते. वहिनी पिशवी घेऊन आली. छकुली आईच्या, म्हणजे आजीच्या, कडेवर होती आणि एकसारखी हात पुढे करत होती. आप्पा टाकीचा दांडा हातात घेऊन आले होते. का आणला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मास्तरणीने बाबाला एकच मागणी केली. गोळे हातात घेऊन बघू द्या.

बाबा मायेने हसला. "पोरी, शाळेत माहिती मिळते. ज्ञान वेगळं. माहिती डोक्यात जाते, ज्ञान आत्म्यात उतरतं. तू डोक्यानेच चालत राहिलीस."

लोकांनी माना डोलावल्या. माणसाने कशाने चालावं हे मात्र कुणी विचारलं नाही. चेल्याने टोपली छातीशी धरली आणि पुन्हा तेच पालुपद लावलं, अपवित्र हात, गोळा मरतो, नदीचा कोप.

तेव्हा वहिनीने पिशवी खाली ठेवली. लग्न होऊन आल्यापासून वस्तीने तिचा आवाज फारसा ऐकलाच नव्हता.

"काल मला पापी ठरवलंत ना?" ती म्हणाली. "मग आता माझ्या हाताने आणखी काय बिघडणार आहे? लागलं पाप तर मलाच लागेल. मी तर चाललेच आहे."

बाबाचाच निकाल बाबाच्या आड आला होता. चेला मागे सरकला, पण मागे आप्पा उभे होते, दांडा आडवा धरून. वहिनीने टोपलीवरचं फडकं ओढलं. आत मधोमध पुठ्ठ्याची भिंत घालून दोन कप्पे केलेले. तिने एका कप्प्यातला गोळा उचलला, दुसऱ्यातला उचलला, दोन्ही हातांत तोलले आणि एकदम गर्दीकडे वळली. हा जड आहे आणि हा फुलासारखा हलका, ती म्हणाली, आणि दोन्ही पुढच्या म्हाताऱ्याच्या हातात दिले. त्याने शेजारच्याला दिले. गोळे हातोहात मागे जायला लागले आणि ज्याच्या ज्याच्या हातात जात त्याचा चेहरा उतरत गेला.

वहिनीने टोपलीतला आणखी एक हलका गोळा धक्क्याच्या फळीवर ठेवला, आप्पांच्या हातातला दांडा घेतला आणि हाणला. राख उडाली, मेणाचं कवच फुटलं, आणि आतून निघालं थर्माकोल. तेच ते, टीव्हीच्या खोक्यात येतं ते. दुसऱ्या कप्प्यातला जड गोळा फोडला. आत ओली रेती ठासून भरलेली.

"बघा नदीची माया," बाबा घाईने म्हणाला. "पापाचा गोळा, त्याच्यातलं सत्त्व तिने शोषून घेतलं, आत नुसता फेस उरला."

"हा गोळा अजून नदीत गेलाच नव्हता," मास्तरीण म्हणाली. "टोपलीतच होता."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. पण गिरणीवाला पुढे आला. त्याच्या पुण्याचा दाखला असा दिवसाढवळ्या फुटताना त्याला बघवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न चांगला होता. ठीक आहे, जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. पण माझा बुडालेला गोळा संध्याकाळी पलीकडे पुळणीला लागला तो कसा? एवढी नदी ओलांडून त्याला कुणी नेलं? मी स्वतः काठावर बसून होतो, कुणी पाण्यात उतरलं नव्हतं.

"नदीनेच नेलं," मास्तरीण म्हणाली. "चला, दाखवते."

ती सगळ्यांना शेडेत घेऊन आली. मावतील तेवढे आत शिरले, बाकीचे खिडक्यांना लोंबकळले. आप्पांनी टाकी फिरवली आणि दांडा काढला. लोक वाकून बघत होते. यातल्या निम्म्यांनी जन्मभर हेच काम केलेलं, तरी आज पहिल्यांदा बघत असल्यासारखे बघत होते. पाणी मंदावलं, गाळ सरकत सरकत मध्यावर गोळा झाला.

मास्तरीण सांगत गेली. फिरणारं पाणी बाहेर फेकलं जातं. वरचं पाणी मोकळं असतं, जोरात फिरतं, म्हणून तेच जास्त फेकलं जातं. तळाचं पाणी तळाला घासतं, त्याचा वेग मरतो. वरचं पाणी कडेला जाऊन धडकतं, तिथून खाली उतरतं आणि तळावरून आत परत येतं. येताना गाळ सोबत आणतं. नदीच्या वळणावर हेच होतं. वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर, म्हणजे आपल्या दरडीवर, येऊन आदळतं आणि तिला पोखरतं. तरंगणारं जे असेल ते याच बाजूला येतं, ओंडका असो की थर्माकोल. मग तेच पाणी खाली बुडी मारतं आणि तळाची रेती ढकलत आतल्या काठाला नेतं. तिथे प्रवाह संथ, म्हणून रेती तिथे बसते. रेतीने भरलेला गोळाही तळाशी गडगडत तिथेच जातो.

"ही पुळण म्हणजे बाबाचं पुण्य नाही," ती म्हणाली. "आपली दरड, आणि वरच्या वळणांवरच्या अशाच दरडी, नदीने वाहून तिथे रचल्यात. दरडीला दगड बसले तर इकडची माती जायची थांबेल आणि आश्रमाला फुकटची जमीन मिळायची थांबेल. म्हणून दगड नकोत."

बाबा होण्याआधी हा इसम वाळूच्या नावेवर कामाला होता, हे मग एका म्हाताऱ्याला आठवलं. काय बुडालं की कुठे निघतं, काय तरंगलं की कुठे लागतं, हे त्याला पोटापाण्यासाठी शिकावं लागलं होतं. चांगली विद्या होती. तिच्यावर चार माणसांची घरं वाचवता आली असती.

तरीही एकदोघं म्हणत होते, बोलणं वेगळं आणि करून दाखवणं वेगळं. बरोबर होतं ते. मग सगळी वरात धक्क्यावर परत आली. गर्दीतून फिरून आलेला रेतीचा गोळा वस्तीतल्या लंगड्या कुत्र्याच्या नावाने सोडला, ज्याने आजवर कुणाच्या घरची भाकरी चोरायची सोडली नव्हती. थर्माकोलचा गोळा सोडला खुद्द पुळणबाबाच्या नावाने. कुत्रं बुडालं. बाबा तरंगला, डुलत डुलत वळणावर गेला आणि पापी दरडीला टेकला. दुपारी पोरांनी नाव घालून पलीकडे जाऊन पाहिलं तर कुत्र्याचा गोळा पुळणीच्या उथळात येऊन पडला होता. कुत्रं पुण्यवान निघालं आणि गिरणीवाल्याच्या पंक्तीला बसलं.

पण बाबाने दुपारपर्यंत वाट पाहिली नव्हती. आपल्या नावाचा गोळा दरडीला लागताच तो चेल्यासकट नावेकडे सरकला होता. तेव्हा मात्र गर्दीचं डोकं फिरलं. कालपर्यंत जोडलेले हात दगड शोधायला लागले. मास्तरीण आडवी आली. दगड खाली ठेवा, ती म्हणाली, ते दरडीला लागणार आहेत. याला तुमचे दगड नकोत, पोलीस पुरेत. आणि सगळा दोष याच्या एकट्याच्या माथी मारून मोकळं व्हायचा हक्क नाही तुम्हाला, कारण टोपली त्याची होती, पण काल हात जोडून उभं कोण होतं? दगड एकेक करून खाली पडले.

दादा वहिनीजवळ गेला. तिची पिशवी उचलली आणि खालच्या आवाजात म्हणाला, चल घरी. झालं गेलं विसरून जा.

वहिनीने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.

"काल तुम्ही 'हो' म्हणालात ते सगळ्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "आज जे म्हणायचं तेही सगळ्यांना ऐकू द्या."

दादाने इकडेतिकडे बघितलं. मास्तरणीने न बघितल्यासारखं केलं. ही लढाई तिची नव्हती. दादा म्हणाला, चूक माझी होती. वहिनी जागची हलली नाही. तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने, की हिचा दोष नाही, कधीच नव्हता, मी भ्यालो आणि हिला पुढे केलं. म्हणताना त्याचा आवाज फाटला. फाटू दे. बाईला घालवताना साफ होता तो.

आई छकुलीला घेऊन पुढे आली. पोर झेप घेऊन वहिनीच्या गळ्यात पडली. आईला माफी मागायची होती, पण इतक्या वर्षांच्या सासूला ते शब्द तोंडात सापडेनात. तिने भलतंच विचारलं.

"मग आता शेड पडायची थांबेल ना गं?"

"नाही, आई," वहिनी म्हणाली. "माझ्या जाण्याने थांबणार नव्हती आणि राहण्यानेही थांबणार नाही. दगडाने थांबेल. साहेबाला परत बोलवा."

आईने मान हलवली आणि सुनेच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

तर मंडळी, नदीला तुमची सून कळत नाही, तुमचं पुण्य कळत नाही आणि तुमचा बाबाही कळत नाही. तिला उतार कळतो आणि वळण कळतं. ती कापते बाहेरच्या काठाला आणि टाकते आतल्या काठाला. राजा असो, रंक असो, थर्माकोल असो. कापणारा काठ वाचवायचा तर दगड लागतात, मजूर लागतात, खात्याच्या मागे लागणारी चिकाटी लागते. हे सगळं कष्टाचं आहे आणि घरातल्या एका बाईला हाकलणं सोपं आहे, म्हणून आपण सोपं ते करतो आणि त्याला धर्म म्हणतो. उद्या दुसऱ्या कुठल्या वळणावर दुसरा कुणी खुर्ची टाकून बसेल, टोपली झाकून आणेल आणि म्हणेल, हात लावू नका. तिथे पहिला हात लावा. माणसाची परीक्षा घेण्याआधी गोळा फोडून बघा.